‘सूप’ म्हणा, मग देते

३ मार्च, मंगळवार

बोलायला शिकवणारी बाई आज येऊन गेली. महिन्यातून एकदा येते, अर्धा तास बसते, त्यातला निम्मा वेळ ह्यांचा हात हातात धरून नुसती हसत असते. जाताना म्हणाली, "काकू, एक वही करा. काका रोज कोणता शब्द बोलले, कशावरून बोलले, लिहीत जा. पुढच्या वेळी आपण दोघी बघू." म्हणून ही वही. नुसते शब्द लिहायचे तर पान रिकामं राहील, म्हणून बाकीचंही लिहिणार आहे.

नोव्हेंबरात ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. तेहतीस वर्षं हा माणूस बसस्थानकाच्या काचेच्या खोलीत बसून माईकवर बोलत होता. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, किती उशिरा, कोणाची पिशवी सापडली. बायका मला सांगायच्या, तुमच्या ह्यांचा आवाज ऐकला की गाडी चुकल्याचंही वाईट वाटत नाही. त्यांना काय जातंय म्हणायला. घरी पोचेपर्यंत ह्यांच्याकडचे शब्द संपलेले असायचे. मुलांसाठी थोडे शिल्लक असायचे. मला "अगं" मिळायचं, त्यावर मी संसार केला.

बाईने एक युक्ती सांगितली. काही मागितलं की लगेच हातात द्यायचं नाही. दहा सेकंद थांबायचं, शब्द त्यांना शोधू द्यायचा. नाही सापडला तर आपण सांगायचा आणि द्यायचं. चिडायचं नाही.

दहा सेकंदांत माणसाला शिंकसुद्धा पुरी येत नाही.

आजचे शब्द: नाहीत. "आ" म्हणाले, तो शब्द नव्हे.

५ मार्च, गुरुवार

सकाळी पेला दाखवून थांबले. हे पेल्याकडे बघतात, माझ्याकडे बघतात, डावा हात पुढे करतात. मी म्हटलं, "हात नाही, शब्द." दहा सेकंद झाले, वीस झाले. तिसऱ्या मिनिटाला "पा" आलं. अर्धा पेला दिला, कारण शब्दही अर्धाच होता. दुपारी पुन्हा "पा", पुन्हा अर्धा पेला. संध्याकाळी "पानी" असं काहीतरी आलं आणि मी पूर्ण पेला दिला. एका दिवसात एवढी मजल. ती बाई दोन महिने हात धरून बसलीय.

मुलींच्या वसतिगृहात मी एकोणतीस वर्षं भोजनघर सांभाळलं. दीडशे मुली. पहिल्या दिवशी नाक मुरडणारी पोरगी आठव्या दिवशी ताट पुसून उठायची. पोट जे शिकवतं ते मास्तरला शिकवता येत नाही, हे मला कोणी पुस्तकातून सांगायला नको.

आजचे शब्द: पा (दोनदा), पानी.

८ मार्च, रविवार

थोरलीचा फोन. बाबा कसे आहेत, बाबा जेवतात का, बाबांना फोन दे. मी फोन ह्यांच्या कानाला लावला. हे ऐकत होते आणि डोळ्यांतून पाणी. मी फोन परत घेतला. रडारड आम्हाला नको आहे, बोलणं हवंय.

मग मला कल्पना सुचली. ईस्टरला चार आठवडे आहेत. सगळ्यांना जेवायला बोलवायचं. थोरली, तिची पिटुकली (सहा वर्षांची झाली), आणि जमलं तर धाकटाही. तो सहा वर्षं या घरात आलेला नाही. कारण विचारलं तर त्यालाही सांगता येणार नाही. त्याने लग्न केलं की नाही तेसुद्धा मला तिसऱ्याकडून कळायचं बाकी आहे. सगळे टेबलाशी बसलेले असतील आणि हे एकेका पदार्थाचं नाव घेऊन मागतील. मग बघते कोण म्हणतं की आईला माया नाही.

थोरलीला सांगितलं तर म्हणाली, "बघते." ह्या घरात सगळे बघतातच.

पदार्थ ठरवले. करायला सोपे आणि म्हणायलाही सोपे. भाजलेली कोंबडी काढून टाकली, "कोंबडी" त्यांना उन्हाळ्यापर्यंत जमणार नाही. राहिले पाच. सूप. अंडं. बटाटा. पाव. केक. पाचही मऊ, चावायचा त्रास नाही. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या समोरच्या भिंतीवर चिकटवला.

१२ मार्च, गुरुवार

गाजराचं सूप करून बघितलं. चार गाजरं, एक कांदा, एक बटाटा, सगळं बुडेल एवढं पाणी. मऊ शिजलं की वाटायचं, कपभर दूध, मीठ, मिरपूड. वीस मिनिटांत होतं, लहान पोरही करेल. रंग सुरेख आला.

वाटी समोर धरली. "सूप म्हणा, मग देते." हे "पा" म्हणाले. "पा" काल चालत होतं, आज नाही, आज सूप आहे. वाटी खाली ठेवली. पुन्हा "पा". शेवटी साय धरली, मी वाटी झाकून ठेवली. संध्याकाळी गरम केली, पुन्हा तेच.

आजचे शब्द: पा. पा. पा.

जेवण: सकाळचा चहा आणि पाव.

१४ मार्च, शनिवार

आलं. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. "सू" आणि मग कितीतरी वेळाने "प". दोन दिवसांनी आलं पण स्वच्छ आलं. मी सगळी वाटी पाजली. पिताना घाई करत होते, ठसका लागला. मी पाठ चोळून दिली. पाठीचे मणके मोजता येतात आता. म्हातारपण कोणाला चुकलंय.

मला इतका आनंद झाला की शेजारी सांगायला जाणार होते. मग वाटलं, ईस्टरलाच सांगू.

एक लिहून ठेवते. दोन्ही दिवस हे डाव्या हाताने वाटी ओढायचा प्रयत्न करायचे. असं ओढून मिळालं तर तोंड उघडायची गरज कोणाला पडेल. म्हणून जेवणाच्या वेळी तो हात मी चादरीखाली खोचून ठेवते. घट्ट नाही. पहिल्या दिवशी जरा जोर केला त्यांनी, आता करत नाहीत.

आजचे शब्द: सूप.

२० मार्च, शुक्रवार

शुक्रवारी नर्स येते. तरुण आहे, हाताला चांगली आहे, पण नको तिथे नाक खुपसते. वजनकाट्यावर ह्यांना धरून उभं केलं आणि म्हणाली, "काकू, काकांचं वजन पुन्हा उतरलं. जानेवारीत एकसष्ट होतं, आता बावन्न."

"अंथरुणातल्या माणसाला वजन काय करायचंय," मी म्हटलं. "उचलायला हलकं बरं."

"खातात काय दिवसभरात?"

"मागतील ते."

"मागता येतं त्यांना?"

"तेच तर शिकवतेय."

भिंतीवरचा कागद तिने वाचला. चादरीकडेही बघितलं. मग विचारलं, "नाही मागता आलं तर?" मी म्हटलं, मग पुढच्या जेवणाला येतं, जातंय कुठे. उंटावरून शेळ्या हाकायला सगळे येतात, आठवड्यातून एकदा एक तास.

आजचे शब्द: सूप (एकदा), पाव. "पाव" पहिल्यांदाच पूर्ण आलं. "पा" होताच तयार, त्याला "व" लावायचा होता, म्हणजे अर्धं काम आधीच झालेलं.

२१ मार्च, शनिवार

अंथरूण झटकताना उशीखाली बिस्किटाचा चुरा सापडला. आपल्या घरात ते बिस्किट येत नाही. म्हणजे काल मी चहा ठेवायला गेले तेवढ्यात नर्सने दिलं. एकही शब्द न घेता. दोन आठवड्यांची मेहनत एका बिस्किटात पाण्यात. आज सकाळपासून हे बोलायला तयार नाहीत, दाराकडे बघत बसलेत, जणू ती परत येणार आहे.

नर्स पाठवणाऱ्या संस्थेला फोन केला आणि सांगितलं, ही नको, दुसरी पाठवा. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, आजाऱ्याला चोरून खायला घालते. मग त्या माणसाने माझ्याकडून थोरलीचा नंबर मागून घेतला, नोंदीसाठी म्हणे.

आजचे शब्द: नाहीत. जेवण: नाही.

२४ मार्च, मंगळवार

ही वही बाईला दाखवायची आहे, पण हे पान दाखवणार नाही.

आज अंड्याचा सराव होता. अर्धी अंडी ताटलीत मांडून मी त्यांच्यासमोर बसले. ते "अं" म्हणत होते, पुढे सरकत नव्हते. मी ताटली जवळ नेली, त्यांनी तोंड उघडलं, मी मागे घेतली. पुन्हा जवळ नेली, पुन्हा तोंड उघडलं. असं चार-पाच वेळा झालं. त्यातल्या शेवटच्या दोन वेळा मी शब्दासाठी थांबलेच नव्हते. मला हसू येत होतं. चाळीस वर्षं ह्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं आणि आता त्यांची नजर माझ्या हातावरून हलत नव्हती.

मग मला कसंतरी झालं. ताटली तिथेच ठेवून आत गेले. परत आले तेव्हा एक अर्धं अंडं कमी होतं आणि हे डोळे मिटून पडले होते. हात चादरीबाहेर. एवढं सोडून दिलं मी आज, तेही लिहून ठेवते.

आजचे शब्द: अं.

२७ मार्च, शुक्रवार

थोरलीचा फोन, सकाळी साडेसातला. "आई, ईस्टरला आम्ही येतोय. मी, पिटुकली आणि धाकटा."

मी खुर्चीवर बसले. "तो येणार?"

"हो. मी त्याला सांगितलं. आई, तोपर्यंत बाबांना जेवायला दे. मागोत, न मागोत. ऐकतेयस का?"

"जेवतात की."

"मी आजच येणार होते. पिटुकलीला ताप आहे आणि तिचे पप्पा बाहेरगावी, नाहीतर आजच आले असते."

"एवढी घाई कशाला? नऊ दिवसांवर तर आलंय. माझे पदार्थ व्हायचेत अजून."

ती म्हणाली, "रविवारी सकाळीच पोचतो."

दुसरी नर्स आलीच नाही. बोलायला शिकवणाऱ्या बाईचा फोन आला होता, मंगळवारी येऊ का म्हणून. मी म्हटलं, ईस्टरनंतर या, तुम्हाला चकित करते.

धाकटा येणार. त्याला अंडं आवडत नाही. लहानपणचा एक किस्सा आहे. सात वर्षांचा होता. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक खाईना. मी म्हटलं, खाल्ल्याशिवाय उठायचं नाही. दुपारी बारापासून बसला तो दिवे लागेपर्यंत. ओकला एकदा, मी टेबल पुसलं आणि दुसरं अंडं ठेवलं. शेवटी ताटली रिकामी दिसली तेव्हा मी जिंकले असं वाटलं, पण खरं म्हणजे ह्यांनीच येताजाता तोंडात टाकलं होतं. दोघांनाही रात्रीचं जेवण दिलं नाही. वसतिगृहात हा किस्सा सांगितला की सगळ्या बायका हसून लोळायच्या. आता पस्तिशीला आलाय, किती दिवस तेच नखरे.

आजचे शब्द: सूप, पाव.

४ एप्रिल, शनिवार

सकाळी सहापासून पायावर उभी आहे. दमले, पण हात चालतात अजून.

पावासाठी कोमट पाण्यात यीस्ट आणि चिमूट साखर, फसफसलं की मैदा, मीठ, थोडं लोणी. मळून झाकून ठेवलं, दुप्पट झालं. ओव्हनमध्ये अर्धा तास. वास सगळ्या घरात. हे सारखी मान वळवून स्वयंपाकघराकडे बघत होते.

केक सोपाच. अंडी जितक्या वजनाची, तितकंच लोणी, तितकीच साखर, तितकाच मैदा, एका लिंबाची किसलेली साल. अंडी उद्यासाठी उकडून, सोलून, बलक काढून लोण्यात, मिरपुडीत घोटून ठेवला, उद्या फक्त भरायचा. बटाटे अर्धे उकडून, भांडं जोराने हलवायचं म्हणजे कडा खरबरीत होतात, मग गरम तेलातून ओव्हनमध्ये. ते उद्याच.

सगळं डब्यांत बंद करून वरच्या फळीवर ठेवलं. ह्यांना आज फक्त दुधाचा चहा दिला, दोन वेळा. पोट रिकामं असलं की उद्या शब्द चांगले येतील. परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरींना पण मी हलकंच द्यायची.

थोरलीने फोनवर जे सांगितलं ते माझ्या लक्षात आहे. तिने माझं तंत्र बघितलेलं नाही, म्हणून बोलते. उद्या बघेल.

५ एप्रिल, ईस्टरचा रविवार

क्रमाने लिहिते, नाहीतर गोंधळ होईल.

ह्यांची दाढी केली, निळा शर्ट घातला. कॉलर सैल झाली होती, मागून पिनेने आवळली. चाकाच्या खुर्चीत बसवून, मांडीवर चादर घालून डावा हात तिच्याखाली खोचला आणि टेबलाच्या टोकाला आणलं. पांढरा टेबलक्लॉथ, मधोमध फुलं. दृष्ट लागेल असं.

दहाला आले. थोरली धावत जाऊन ह्यांच्या गळ्यात पडली. पाठीवरून हात फिरवत राहिली, सोडेचना. पिन टोचली असावी, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पिटुकली एवढीशी, दोन वेण्या, आजोबांच्या गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली. धाकटा दारातच. केस मागे गेलेत, बापाचं कपाळ. मी म्हटलं, "ये की." तो बूट काढत बसला, दोन बुटांना दहा मिनिटं.

थोरली म्हणाली, "आई, बाबांना आधी काहीतरी देऊ या."

"सगळ्यांबरोबरच," मी म्हटलं. "बसा. आज बाबा मागतील तसं वाढायचं. गंमत बघा."

सूप आणलं. त्यांच्यासमोर वाटी धरली. हे थरथरत होते, बोलायच्या उत्साहाने. "सू…प." पहिल्याच फटक्यात. मी टाळ्या वाजवल्या. पिटुकलीनेही वाजवल्या. थोरलीने नाही. मी दोन चमचे भरवले आणि वाटी बाजूला ठेवली.

पिटुकली म्हणाली, "आजी, आजोबांना सगळं का नाही दिलं?"

"पोट भरलं की पुढचे शब्द येत नाहीत, राणी."

"आई, ती वाटी दे इकडे," थोरली म्हणाली.

"थांब जरा. अंडं राहिलंय. ते अवघड आहे, पण येतंय."

भरलेली अंडी मधे ठेवली. ह्यांच्यासमोर एक धरलं. "अं," म्हणाले. मी थांबले. "अं." मी म्हटलं, "पुढचं? पुढचं काय?" धाकटा समोरच्या ताटाकडे बघत होता. त्याच्या ताटात मी दोन वाढली होती. तो हळूच म्हणाला, "दे त्यांना."

"येतोय शब्द, घाई करू नका."

पिटुकलीने आपलं अंडं उचललं आणि आजोबांच्या तोंडाशी नेलं. मी तिचा हात धरला. जोरात नाही. "तुझं तू खा. ताट पुसल्याशिवाय कोणी उठायचं नाही." तिचा चेहरा रडवेला झाला.

आणि तेव्हा हे बोलले. माझ्याकडे नाही, थोरलीकडे बघून. माईकवरचा आवाज होता तो, जुना, भरदार. "भूक."

स्वच्छ. एकही अक्षर न तुटता.

मी हा शब्द शिकवलेला नाही. भिंतीवरच्या कागदावर नाही, कधी सरावात नाही. स्वतःहून आला, आतून. मला भरून आलं. मी म्हटलं, "ऐकलंत? नवीन शब्द. पुन्हा म्हणा हो, सगळ्यांना नीट ऐकू दे." मी हसत सगळ्यांकडे बघितलं. कोणी हसत नव्हतं.

धाकटा उठला. माझ्या हातातलं अंडं घेतलं, बापाच्या शेजारी गुडघ्यावर बसला आणि त्यांना भरवायला लागला. मी म्हटलं, "अरे, एकदा म्हणू तरी दे."

"आई, गप्प बस," थोरली म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा.

धाकट्याने चादर काढली. डावा हात मोकळा झाला तसे हे दोन्हीकडून खायला लागले, तो भरवतोय आणि हेही हाताने कोंबतायत. चार अंडी, सूप, बटाटे, पाव सुपात बुडवून. हनुवटीवरून सूप गळतंय, शर्टावर सगळं. पिटुकलीसमोर. मला लाज वाटली. तेहतीस वर्षं इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस. पिटुकली म्हणाली, "मम्मा, आजोबा रडत रडत जेवतायत."

धाकटा मान वर न करता मला म्हणाला, "मला सहा तास बसवलं होतंस. ह्यांना किती दिवस?"

मी म्हटलं, "त्या वेळीही शेवटी ताटली रिकामी झालीच ना?"

तो म्हणाला, "बाबांनी खाल्लं. माझं अंडं बाबांनी खाल्लं." आणि केकचा तुकडा मोडून ह्यांच्या तोंडात घातला. स्वतः कशालाही हात लावला नाही.

थोरलीने कपाट उघडून ह्यांचे कपडे पिशवीत भरले. मी विचारलं तर म्हणाली, "बाबांना घेऊन जातोय." मी म्हटलं, "प्रगती अर्ध्यावर असताना?" तिने विचारलं, "कसली प्रगती? कुठे लिहिलंयस काही?" तेव्हा मीच तिला ही वही काढून दिली, शब्दांची पानं उघडून. कळू दे तिला. तिने उभ्या उभ्या वाचली. मी सांगितलं त्यापुढचीही पानं उलटली, ते मला आवडलं नाही, पण तिने फोनवर एकेका पानाचा फोटो घेतला तेव्हा राग गेला. पाककृती हव्या असणार. सुपाची तर लहान पोरही करेल इतकी सोपी आहे.

गाडीत बसवताना ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी खिडकीजवळ जाऊन थांबले, एक शब्द तरी बोलतील म्हणून. दहा सेकंद, वीस सेकंद. मग गाडी गेली.

आजचे शब्द: सूप, अं, भूक.

९ एप्रिल, गुरुवार

चार दिवस तेच जेवण संपवतेय. बटाटे मऊ पडले, पाव आज वाळला. एकटीला पाच पदार्थ म्हणजे शिक्षाच. पण टाकवत नाही, टाकायची सवय नाही.

संस्थेतून एक बाई आणि एक माणूस येऊन गेले. खोली बघितली, भिंतीवरचा कागद बघितला, त्याचा फोटो काढला. काही प्रश्न विचारले. मी सगळं खरं सांगितलं, लपवायचं काय आहे. बाईने विचारलं, "तुम्हाला कधी वाटलं का, हे चुकतंय?" मी म्हटलं, एकदा, एका मंगळवारी. ती लिहीत होती, तिचं पेन थांबलं.

त्यांना चहा विचारला. दोघांनीही नको म्हटलं.

१३ एप्रिल, सोमवार

बोलायला शिकवणाऱ्या बाईचा फोन. मी म्हटलं, "तुमच्या युक्तीने काम केलं, पण मुलांनी मधेच तोडलं." ती म्हणाली, "काकू, मी दहा सेकंद सांगितलं होतं." मी म्हटलं, "तुमचे दहा सेकंद आणि माझा एक महिना, शब्द कोणी काढले?" ती रडत होती की काय कोण जाणे, फोन ठेवला तिने.

घर फार शांत आहे. हे बोलत नव्हते तेव्हाही इतकं शांत नव्हतं. आज मी स्वतःशीच मोठ्याने "अगं" म्हणून बघितलं. वेड्यासारखं वाटलं.

२६ एप्रिल, रविवार

थोरलीच्या घरी जाऊन आले. न सांगता गेले, सांगितलं असतं तर नको म्हणाली असती. दोन बस बदलल्या. बरोबर सूप नेलं, डब्यात.

दार पिटुकलीने उघडलं. आत टेबलाशी हे बसले होते, धाकट्याच्या शेजारी. गाल भरलेत. डाव्या हाताने चमचा धरून स्वतः खिचडी खात होते आणि पिटुकलीच्या खुर्चीकडे बघून काहीतरी म्हणत होते, हसत. शब्द दारापर्यंत ऐकू आला नाही. कुठला होता ते मला कळलं असतं तर लिहिलं असतं.

त्यांनी मला बघितलं. चमचा ताटात ठेवला. तोंडात घास होता, तो तसाच राहिला, चावायचे थांबले. पाठ ताठ झाली, दोन्ही हात मांडीवर घेतले, उजवा उचलून डाव्याने. मग खुर्चीखाली ओलं झालं. त्या घरात वेळेवर नेत नाहीत वाटतं.

धाकटा म्हणाला, "बाबा, जेवा. काही नाही. जेवा." ते हलले नाहीत. थोरली आतून आली, तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तिनेही सांगितलं. नाही.

मी म्हटलं, "जेवा हो."

त्यांनी लगेच घास गिळला आणि चमचा उचलला. भराभर खायला लागले, न चावता. ताट पुसून घेतलं. दोघंही मुलं नुसती बघत राहिली. कोणाचं ऐकतात ते दिसलं त्यांना, माझ्या डोळ्यांदेखत दिसलं.

थोरली मला जिन्यात घेऊन आली आणि मागे दार ओढून घेतलं. म्हणाली, "आई, पुन्हा येऊ नकोस. मी दार उघडणार नाही."

"हे तू ठरवणार? त्यांना विचार."

"त्यांनीच सांगितलंय. आत्ता. सगळ्यांसमोर."

"कुठल्या शब्दांत?" मी विचारलं.

ती म्हणाली, "शब्दांत नाही, आई."

शब्दांत नसेल तर मी ते धरत नाही.